सात कपड्यांखालचा ताप

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक मराठी जोडपं राहायला आलं. बाळ साडेतीन महिन्यांचं. लस टोचून आणल्यावर त्याला ताप आला, म्हणून ती मुलगी संध्याकाळी घाबरून माझ्याकडे आली. मी तिला थोडक्यात सांगितलं: कपडे कमी कर, डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगितल्याप्रमाणे दे, बाळ मलूल वाटलं किंवा अंग फारच तापलं तर कुणाला विचारत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. ती गेली. मला मात्र चुटपुट लागली, की हे मला कसं ठाऊक, ते तिला सांगायला हवं होतं. पण तोंडी मला ते जमलं नसतं. आपली चूक कबूल करणं मला आयुष्यभर जड गेलं आहे, आमच्या घरात कुणालाही विचारा. म्हणून लिहिते आहे.

एक आधीच सांगून ठेवते. ही लसीविरुद्धची तक्रार नाही. लसीवर मी एक खोटा आळ घेतला होता, त्याची ही गोष्ट आहे.

चौथा मजला

नव्वदीचं दशक होतं. परदेशी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि त्यातल्याच एकीत माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, नोकरी लागली. आम्ही पुणं सोडून गुडगावला आलो तेव्हा आमची केतकी चार महिन्यांची होती. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची, ती नोकरी सोडली. सोसायटीत आठ इमारती, त्यातल्या दोनच राहत्या. बाकीच्यांना परांच्या बांधलेल्या. लिफ्टच्या जागी फळ्या ठोकलेल्या. खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची आणि त्यांच्या मधोमध एखादी काचेची इमारत. मिलिंद सकाळी आठला चार्टर्ड बसने जायचा आणि रात्री आठला यायचा. फोनसाठी अर्ज केला होता, पण नंबर कधी लागेल ते देव जाणे. मार्केटमध्ये एसटीडी बूथ होता, तिथून दर रविवारी पुण्याला फोन.

दिवसभर माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नव्हतं. केतकीशी मीच बोलायची. गाणी मला फारशी येत नाहीत, म्हणून तिला न्यूटनचे नियम समजावून सांगायची. ती हसायची. वर्गातल्या मुलांपेक्षा बरीच गुणी होती.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, प्रेमळ. पण सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला, त्यांना सोडून आईंना पुण्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. त्यामुळे आईंचं बाळंतपणाचं सगळं ज्ञान मला फोनवरून मिळायचं, मागे रांग लागलेली असताना, घाईघाईत. दुसऱ्या गुरू दुसऱ्या मजल्यावरच्या सरोज आंटी. त्यांचे यजमान निवृत्त झालेले, मुलं कॅनडात. डिसेंबरात त्या केतकीसाठी स्वतः विणलेले दोन स्वेटर घेऊन आल्या. "बेटा, दिल्ली की ठंड हड्डी पकड़ लेती है. तुम बंबईवाले समझते नहीं," म्हणाल्या. आम्ही पुण्याचे, हे मी त्यांना सांगणं केव्हाच सोडून दिलं होतं.

दोन विरुद्ध एक

ट्रिपल लसीचे पहिले दोन डोस पुण्यात झाले होते. तिसरा बदलीच्या गडबडीत लांबला आणि जानेवारीत, केतकी सात महिन्यांची असताना, इथे टोचला. डॉक्टर मॅडम वयस्कर, कमी बोलणाऱ्या. कागदावर ड्रॉप्स लिहून दिले आणि म्हणाल्या, "बुखार आएगा, घबराना मत. दवा देना, कपड़े हल्के रखना."

मी बाहेर आले तर समोरचा रस्ता धुक्यात दिसत नव्हता. कपडे हलके? बाई स्वतः कोटावर शाल घेऊन बसल्या होत्या. मला त्यांची कीव आली, इतक्या शिकून असं बोलतात.

तशीच बूथवर गेले आणि आईंना फोन लावला.

"अगं, टोचल्यावर वारं लागू देऊ नकोस," आई म्हणाल्या. "कुंची घाल, दुपट्यात घट्ट गुंडाळ. घाम फुटला की ताप आपोआप उतरतो."

घरी येताना जिन्यात सरोज आंटी भेटल्या. "सुई लगी है? दोनों स्वेटर पहनाओ. हीटर चलाओ और रज़ाई में लेकर लेट जाओ."

आता कुणाचं ऐकायचं? आईंनी तीन मुलं वाढवली होती, आंटींनी दोन. दोन विरुद्ध एक. शेजारी आणखी एखादी बाई असती, बहीण असती, मावशी असती, तर म्हणाली असती की अगं, एक तर कुंची घाल नाहीतर स्वेटर घाल, दोन्ही कशाला? पण तसं म्हणणारं कुणी नव्हतं आणि मी जन्माची आज्ञाधारक. मी दोघींचंही ऐकलं. पुण्याची थंडी आणि दिल्लीची थंडी, दोन्हींचा बंदोबस्त एकाच मुलीवर केला.

संध्याकाळी अंग कोमट झालं. ड्रॉप्स दिले, झोपली. सकाळी मिलिंदने तिच्या कपाळाला हात लावला. "थोडी गरम आहे. राहू का घरी?" त्या दिवशी त्याच्या परदेशी साहेबांसमोर त्याचं काहीतरी मोठं काम होतं. मी म्हटलं, "जा रे, टोचल्यावर येतोच ताप." कुणी मला असं म्हणायला लावलं नव्हतं. तो गेला. त्यानंतरचे सात तास माझे एकटीचे आहेत.

दुपार

ती आधी रडली, मग कण्हायला लागली, मग तेही थांबलं. मला वाटलं, चला, बरं वाटतंय. खोलीत हीटर लावलेला, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं, आणि मी तिला पोटाशी घेऊन रजईत. तिचा चेहरा लाल झाला होता. मी घामाची वाट बघत होते. घाम काही येत नव्हता, म्हणून मी दुपटं आणखी घट्ट केलं.

लोकर स्वतः ऊब देत नाही, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे वाक्य मी सहा वर्षं फळ्यावर लिहीत होते. परीक्षेत ते दोन मार्कांना यायचं.

तीनच्या सुमारास तिचे डोळे वर गेले. मी हाक मारली तर बघेना. मग दुपट्याच्या आत तिचे हातपाय झटके द्यायला लागले. दुपटं हलत होतं आणि मी ते हातांनी दाबून धरत होते. ओठ काळसर झाले. ती गेली असं मला वाटलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले आहेत.

तिला तशीच उचलून मी जिन्याने पळत सुटले. दुसऱ्या मजल्यावर आंटींच्या दारावर लाथ मारली, हात मोकळे नव्हते. आंटींनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, अंकल अनवाणीच गाडीची किल्ली घेऊन धावले. सोसायटीच्या फाटकापाशी झटके थांबले आणि ती ढिली पडली. श्वास चालू होता. अंकल सबंध रस्ताभर "हे राम, हे राम" म्हणत गाडी चालवत होते, धुक्यात, दुसऱ्या गिअरमध्ये.

सोलणं

नर्सिंग होममधली नर्स केरळची होती. तिने केतकीला टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता सोलायला सुरुवात केली. दुपटं. कुंची. कुंचीखाली मंकी कॅप. एक स्वेटर. दुसरा स्वेटर. लोकरीचं बनियन. झबलं. सात. प्रत्येक कपडा ती बाजूच्या स्टुलावर ठेवत गेली आणि तो ढीग केतकीपेक्षा मोठा झाला. मग कोमट पाण्याच्या फडक्याने तिचं अंग पुसायला लागली. अर्ध्या तासाने केतकी रडली. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

त्याच डॉक्टर मॅडम आल्या, तपासलं, पाठीतलं पाणी काढायची गरज वाटत नाही म्हणाल्या, पण दोन दिवस ठेवून घेतलं. मग त्यांनी त्या ढिगाकडे बघितलं.

"इतना क्यों लपेटा?"

"ठंड है," मी म्हटलं.

"बुखार सुई से आया, वो तो आना ही था. चढ़ाया तुमने." त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. "कुछ बच्चों को तेज़ बुखार में दौरा आ जाता है. देखने में डरावना है, आमतौर पर नुकसान नहीं करता. घर में किसी को बचपन में आया था?" दौरा म्हणजे आकडी, एवढं मला कळलं.

"मला माहीत नाही," मी मराठीतच म्हटलं. मग भानावर येऊन हिंदीत सांगितलं की नवऱ्याला विचारून सांगते.

"पूछ लेना. और सुइयाँ छोड़ना मत. नौ महीने पर खसरे की लगेगी." खसरा म्हणजे गोवर.

अंकलनी नर्सिंग होममधून मिलिंदच्या ऑफिसला फोन केला होता. तो सहा वाजता धापा टाकत आला. टाय तसाच, तोंड पांढरंफटक. त्याने केतकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं गं?"

मी म्हटलं, "इंजेक्शनमुळे झालं."

तो ढीग मी तोवर पिशवीत भरून खाटेखाली सरकवला होता.

वॉर्डातले दोन दिवस

पहाटे ताप बघायचे, मग दूध, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा ताप. मधल्या वेळात छताकडे बघायचं. मिलिंद ऑफिसातून येऊन बसायचा आणि रात्री घरी जायचा, एकालाच थांबायची परवानगी होती. तो डॉक्टरांना म्हणाला, "हमारे घर में किसी को नहीं आया." मनापासून म्हणाला. मी त्या वेळी पिशवी पायाने आणखी आत ढकलत होते.

त्या नर्सने मला थर्मामीटर नीट वाचायला शिकवलं. फिजिक्सच्या बाईला. मूल असं झटके देऊ लागलं तर त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, हेही तिनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतःच्या चहातला अर्धा मला दिला आणि म्हणाली, "मेरा बेबी उधर है, माँ के पास. आठ महीने का." तिचं हिंदी माझ्याहूनही मोडकं होतं. आम्ही दोघी चहा पीत गप्प बसलो. त्या दोन दिवसांत मला बरं वाटलं ते तेवढ्या वेळात.

खोटं वाढतं

केतकी बरी झाली. आठवडाभरात पहिल्यासारखी हसायला लागली. माझं मात्र तिथून पुढे सुरू झालं.

मिलिंदने रविवारी आईंना सांगितलं. आई म्हणाल्या, "पुरे झाली ती इंजेक्शनं. आमच्या वेळी कुठे होती एवढी? पोरीच्या जिवाशी खेळ नको." मिलिंदलाही ते पटलं. सरोज आंटींनी सगळ्या सोसायटीला सांगितलं की चौथ्या मजल्यावरच्या बच्चीला सुईने दौरा आला. पहिल्या मजल्यावर एक तरुण बाई होती, तिच्या मुलाचा डोस तिने पुढे ढकलला. जिन्यात मला थांबवून म्हणाली, "अच्छा हुआ आपने बताया." मी मान हलवली.

एक शब्द बोलले होते, तो आता माझ्याविना गावभर फिरत होता. खरं सांगावं तर मिलिंद काय म्हणेल? आईंना काय वाटेल, त्यांनीच तर गुंडाळ म्हणून सांगितलं होतं. तिकडे त्या एकट्या सासऱ्यांचं सगळं करत होत्या, त्यांच्या डोक्यावर हे कशाला? असं मी स्वतःला समजावायची. मनाच्या तळाशी एवढंच होतं, की माझ्या मुलीला मीच मरणाच्या दारात नेलं हे मला मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

मिलिंद शेजारी झोपलेला असायचा आणि मला वाटायचं, याच्या-माझ्यामध्ये ती पिशवी आहे. इतकं एकटं मला ते शहर नवीन असतानाही वाटलं नव्हतं.

सुगना

आमच्या मागच्या अर्धवट इमारतीवर राजस्थानचे मजूर काम करायचे, तिथेच झोपड्यांत राहायचे. त्यातली सुगना नावाची बाई आमच्या खालच्या नळावर पाणी भरायला यायची. तिची मुलगी केतकीहून थोडी मोठी. दोघी एकमेकींकडे टक लावून बघायच्या, कधी कधी हसायच्या.

मार्चमध्ये सुगना आली नाही. दुसरी बाई म्हणाली, "उसकी लड़की को माता निकली है." झोपडीच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. तो गोवर होता. दोन-तीन झोपड्यांत निघाला होता. मी अंकलना सांगितलं, त्यांनी मुकादमाला सांगितलं, कुणीतरी सरकारी दवाखान्यात घेऊन गेलं. पण तोवर छाती भरली होती. आठ दिवसांनी सुगना पाणी भरायला आली ती एकटी. तिने हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे न बघता गेली.

केतकीला पुढच्या आठवड्यात नऊ महिने पूर्ण होत होते.

त्या संध्याकाळी मी मिलिंदला म्हटलं, "गोवराची लस द्यायला हवी."

"पुन्हा? वेड लागलंय का तुला? तूच म्हणालीस ना, इंजेक्शनमुळे झालं." तो बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. मग म्हणाला, "आईला विचार. ती हो म्हणाली तर देऊ."

बूथ

रविवारी सकाळी बूथवर नेहमीची रांग होती. मिलिंद केतकीला घेऊन बाहेर उभा राहिला. मी काचेचं दार ओढून घेतलं. मागचे लोक काचेतून बघत होते, पण त्यांच्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं. तेवढा एक आडोसा मला होता.

"आई, केतकीला जे झालं ते इंजेक्शनमुळे झालं नाही. म्हणजे ताप त्याने आला, पण मी तिला सात कपडे घातले होते. वर रजई आणि हीटर. तो ताप मी चढवला."



"मीच सांगितलं होतं तुला, गुंडाळ म्हणून," आई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलं होतंत. पण कपडे हलके ठेव म्हणून डॉक्टरांनीही सांगितलं होतं, आणि ते फक्त मी ऐकलं होतं. मग मी सगळ्यांना खोटं सांगितलं. आता तिला गोवराची लस द्यायची आहे. इथे एक मूल गेलं, आई."

मागच्या माणसाने काचेवर टकटक केलं. मी त्याच्याकडे पाठ केली.

"मिलिंदला आकडी आली होती," आई म्हणाल्या.

"काय?"

"दीड वर्षाचा होता. तेव्हा सुई नाही, काही नाही, नुसता ताप. माझ्या मांडीवरच आली. सासूबाई म्हणाल्या, बाहेर कळता कामा नये, उद्या मुलाचं लग्न व्हायचंय. यांनाही सांगितलं नाही, हे फिरतीवर होते. पस्तीस वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. तू म्हणालीस इंजेक्शनमुळे झालं, तेव्हा मला हायसं वाटलं गं. म्हटलं, आपल्याकडून नाही आलं. आणि तू तिकडे एवढे दिवस..."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. आम्ही दोघी रडत होतो आणि कुणी कुणाला रडू नको म्हणत नव्हतं.

"टोचून आण तिला," शेवटी आई म्हणाल्या. "आणि मिलिंदला आत पाठव. त्याला मी सांगते, माझं मलाच सांगायला हवं. तुझं तू सांग."

मी बाहेर येऊन केतकीला घेतलं आणि तो आत गेला. एरवी फोनवर हातवारे करून बोलणारा माणूस. काचेआड तो खाली मान घालून नुसता ऐकत होता. घरी मी पिशवी काढून त्याच्यासमोर पलंगावर रिकामी केली आणि माझं मी सांगितलं. तो रागावला. दोन दिवस रागावलेला होता, आणि त्याचा तो हक्क होता. पण सोमवारी ऑफिसला उशिरा जाऊन तो दवाखान्यात आला, आईंनी सांगितलेलं डॉक्टरांना सांगितलं आणि सुई टोचताना केतकीचा पाय त्यानेच धरला. पहिल्या मजल्यावरच्या बाईकडे मी त्याच संध्याकाळी गेले. ते मिलिंदला सांगण्यापेक्षाही अवघड गेलं.

पुढच्या आठवड्यात रामनवमीच्या सुट्टीला, दुपारी, केतकीला ताप आला. लसीनंतर आठवड्याभराने असा येऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिचा फ्रॉक काढला, थर्मामीटर लावला, ड्रॉप्स दिले. सगळं मला येत होतं. तरीही मी बाहेरच्या खोलीत जाऊन मिलिंदसमोर उभी राहिले.

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं.

त्याने पेपर खाली ठेवला. "मलाही," तो म्हणाला, आणि आत येऊन तिच्या दुसऱ्या बाजूला बसला.